सिग्नलचे पट्टे फुल, तरी स्कॅनरवर आवाज तुटतो: सायमलकास्टचं दुखणं ओळखणं आणि आवरणं

स्कॅनर, म्हणजे पोलीस-अग्निशमनचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा रिसीव्हर, चांगल्या कंपनीचा, पडद्यावर सिग्नलचे सगळे पट्टे भरलेले, टॉवरही फार लांब नाही. तरी अग्निशमन दलाचा डिस्पॅचर पत्ता सांगायला लागला की नेमका घरक्रमांक गिळला जातो. एखादा शब्द रोबोटसारखा किरकिरतो, मधलं वाक्य गायब होतं आणि शेवटचं ‘कॉपी’ तेवढं स्वच्छ ऐकू येतं. थोडा वेळ सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. आणि ज्याला हा त्रास होतो तो माणूस सहसा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मोठा अँटेना आणून छपरावर चढवतो. मग त्रास वाढतो.

हे लिखाण त्या एकाच दुखण्याबद्दल आहे. त्याचं मूळ सायमलकास्ट, म्हणजे एकच बोलणं अनेक टॉवरांवरून एकदम प्रसारित करणं. अमेरिका आणि कॅनडात ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या पी२५ ट्रंकिंग यंत्रणा (पोलीस-अग्निशमनच्या डिजिटल रेडिओ-यंत्रणा, ज्यांत थोड्या फ्रिक्वेन्सी अनेक गटांत गरजेप्रमाणे वाटल्या जातात) ऐकणाऱ्यांना ते हमखास भेटतं. सूत्र एवढंच, की इथे सिग्नल कमी पडत नसतो. एकाच बोलण्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या टॉवरांवरून येऊन एकमेकींत मिसळत असतात. त्यामुळे खटपट करायची ती सिग्नल वाढवण्यासाठी नव्हे, तर त्या प्रतींमधला फरक वाढवण्यासाठी.

आधी खात्री करा की आजार हाच आहे

आवाज तुटण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातली काही पाच मिनिटांत बाजूला काढता येतात.

पहिलं कारण एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं सांकेतिक करून लपवणं. ते असेल तर कुठलाच अँटेना, कुठलंच सेटिंग कामाचं नाही. डेन्व्हर पोलिसांनी २०१९ मध्ये सगळी चॅनेल एन्क्रिप्ट केली, न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली, आणि ही यादी वाढतेच आहे. नवे स्कॅनर एन्क्रिप्टेड बोलणं ओळखून गप्प बसतात. जुन्यांवर पाण्यात गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, बोलण्याची लय कळते पण शब्द एकही नाही. ओळख सोपी आहे: एन्क्रिप्टेड टॉकग्रुप (यंत्रणेतल्या एका गटाची बोलण्याची वाहिनी) दर वेळी तितकाच खराब ऐकू येतो, स्कॅनर कुठेही ठेवा. सायमलकास्टमध्ये तोच टॉकग्रुप आत्ता खराब आणि दहा सेकंदांनी उत्तम असू शकतो.

दुसरं, फेज दोन, म्हणजे पी२५ ची नंतरची आवृत्ती. यंत्रणा पी२५ फेज दोनवर गेली असेल तर बीसीडी३९६एक्सटी किंवा प्रो-१०६ यांसारख्या फेज एकच्या स्कॅनरला ते बोलणं उलगडणारच नाही. काही टॉकग्रुप छान, काही अजिबात नाहीत, अशी सरळ विभागणी दिसली तर आधी इथे बघा.

तिसरं, स्कॅनिंगचा पसारा. चाळीस यंत्रणा, त्यांच्या प्रत्येकी पाच-सहा साइट (एकत्र चालणारे टॉवर किंवा एकटा टॉवर), वरून विमानतळ आणि रेल्वे, असं सगळं एकदम चालू ठेवलं की स्कॅनर परत येईपर्यंत अर्धं संभाषण संपलेलं असतं. बोलण्याची सुरुवात दर वेळी कापली जाते पण मधला भाग स्वच्छ असतो, तर दोष यादीचा आहे. म्हणून पुढचं काहीही करण्याआधी एकच यंत्रणा, तिची एकच साइट चालू ठेवा आणि तिच्यावर होल्ड करा, म्हणजे स्कॅनर तिथेच थांबवून ठेवा. ही पायरी गाळून केलेलं निदान बहुतेक वेळा चुकतं.

नेमकं होतं काय

मोठ्या शहराला किंवा काउंटीला एका टॉवरने भागत नाही. प्रत्येक टॉवरला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यायची तर तेवढ्या फ्रिक्वेन्सी मिळत नाहीत. म्हणून पाच, दहा, कधी त्याहून जास्त टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच क्षणी एकच गोष्ट प्रसारित करतात. त्यांची घड्याळं जीपीएसवरून जुळवलेली असतात. हे झालं सायमलकास्ट.

टॉवरवरून एकाच वेळी निघालेलं तुमच्यापर्यंत एकाच वेळी पोहोचत नाही, अडचण ती आहे. मोठ्या मैदानावर दोन टोकांना लावलेले भोंगे आठवा. एका भोंग्याशेजारी उभं राहिलं तर भाषण नीट कळतं, मैदानात मध्यापासून थोडं एका बाजूला उभं राहिलं तर लांबच्या भोंग्याचा आवाज उशिरा येऊन जवळच्यावर चढतो.

रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात साधारण ३०० मीटर जाते. पी२५ फेज एकमध्ये सेकंदाला ४,८०० चिन्हं (माहितीचे छोटे तुकडे) पाठवली जातात, म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला सुमारे २०८ मायक्रोसेकंद येतात. एक टॉवर तुमच्यापासून ३ किलोमीटरवर आणि दुसरा १८ वर असेल, तर दुसरी प्रत ५० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते. जवळजवळ पाव चिन्हाचा घोळ. फेज दोनमध्ये सेकंदाला ६,००० चिन्हं असल्याने एकाच्या वाट्याला १६७ मायक्रोसेकंदच येतात आणि सैलपणा आणखी कमी होतो.

यंत्रणा उभारणारे अभियंते हे जाणून असतात. काही टॉवरांचं प्रसारण ते मुद्दाम किंचित मागेपुढे करतात, जेणेकरून दोन टॉवरांचे पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रती शक्य तितक्या जुळाव्यात. पण ती जुळवाजुळव पोलिसांच्या रेडिओसाठी असते. त्या रेडिओतला रिसीव्हर मिसळलेल्या प्रतींमधून मूळ चिन्ह शोधण्यासाठीच बनवलेला असतो. तुमचा स्कॅनर त्यांच्या हिशेबात कुठेच नाही.

आणि स्कॅनरची रचनाच अडचणीची. बहुतेक स्कॅनरांचा पुढचा भाग जुन्या एफएम रिसीव्हरच्या धर्तीचा असतो. फ्रिक्वेन्सी किती हलली एवढंच तो मोजतो, लहरीची उंची फेकून देतो. सी४एफएम या पी२५ च्या साध्या पद्धतीच्या प्रसारणाला ते पुरतं. सायमलकास्टमध्ये मात्र बहुधा वेगळ्या पद्धतीचं, रेषीय मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवण्याची रीत) वापरतात, आणि त्यात उंची आणि कला (लहर तिच्या चक्रात कुठे आहे ते) दोन्हींत माहिती असते. शिवाय दोन प्रती एकमेकींना छेद देतात तेव्हा लहरीची उंची क्षणभर शून्याजवळ जाते आणि त्या क्षणी जुन्या पद्धतीच्या रिसीव्हरच्या हाती निव्वळ कचरा येतो.

पट्टे भरलेले का दिसतात, हेही इथेच कळतं. पट्टे एकूण ताकद मोजतात आणि दोन प्रतींची बेरीज ताकदवानच असते. डिजिटल स्कॅनरवरचे ते पट्टे काढूनच टाकावेत असं मला वाटतं. जितक्या लोकांना त्यांनी मदत केली, त्याहून जास्त लोकांची दिशाभूल केली असेल.

रोबोटी आवाजाचा अर्थ

पी२५ मध्ये आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. फेज एकमध्ये प्रत्येक तुकड्यात १४४ बिट असतात, त्यांतले ८८ प्रत्यक्ष आवाजाचे आणि ५६ चूक दुरुस्तीचे. थोड्या चुका ही दुरुस्ती निमूटपणे गिळते, तुम्हाला काही कळतही नाही. चुका वाढल्या की डिकोडर आधीचाच तुकडा पुन्हा वाजवतो. तोच किरकिरता रोबोट. आणखी वाढल्या की तो आवाज बंदच करतो. म्हणून हे दुखणं हळूहळू वाढत नाही. कड्याच्या टोकाशी उभं असल्यासारखं असतं: एक पाऊल अलीकडे उत्तम, एक पाऊल पलीकडे शांतता.

याहून वाईट प्रकार कंट्रोल चॅनेलचा. ‘अमुक टॉकग्रुप तमुक फ्रिक्वेन्सीवर गेला’ हा निरोप कंट्रोल चॅनेलवर येतो. तो निरोपच फाटला तर स्कॅनर तिकडे जातच नाही. खरखर नाही, तुटका आवाज नाही, काहीच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं आज शहर शांत आहे. प्रश्न ऐकू येतात पण उत्तरं येत नाहीत, किंवा एकच बाजू ऐकू येते, अशी तक्रार असेल तर कंट्रोल चॅनेलवर संशय घ्या.

खरी चाचणी

स्कॅनरला कंट्रोल चॅनेलवर होल्ड करा. बरेच स्कॅनर डिकोड किती टक्के होतंय किंवा किती चुका होतायत हे कुठेतरी दाखवतात. मॅन्युअल उघडून तो पडदा शोधाच, कारण पुढचं सगळं त्याच्यावर बघायचं आहे. कंट्रोल चॅनेल अखंड चालू असल्याने कुणाच्या बोलण्याची वाट बघावी लागत नाही.

आता स्कॅनर हातात धरून सावकाश सरकवा. ८६० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते, त्यामुळे चांगल्या आणि वाईट जागेत वीतभराचंही अंतर नसतं. टेबलाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेल्यावर आकडा एकदम बदलला आणि सिग्नलची ताकद मात्र जवळपास तशीच राहिली, तर हे सायमलकास्टच. ताकद आणि डिकोड दोन्ही एकत्र खाली-वर होत असतील तर सिग्नलच कमी आहे. मग मोठा अँटेना हे खरंच उत्तर असू शकतं.

एक चाचणी बॅटरीवरही घ्या. चार्जर काढून स्कॅनर नुसत्या बॅटरीवर चालवला की आवाज सुधारला, तर सायमलकास्टला दोष देऊ नका. स्वस्त चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर घरभर रेडिओ-कचरा पसरवतात. ८०० पेक्षा खालच्या व्हीएचएफ पट्ट्यात तो जास्त जाणवतो, पण चार्जर स्कॅनरला चिकटूनच असेल तर कुठेही जाणवेल.

उपाय, फुकटापासून सुरुवात

जागा बदलणं हा पहिला उपाय, आणि बहुतेकांना इथेच थांबता येतं. सगळ्यात उंच, सगळ्यात मोकळी जागा शोधायची नाही. उलट शोधायची. छपरावरून पाच टॉवर दिसतात, आणि तेच नको आहे. घराच्या ज्या बाजूला सर्वात जवळचा टॉवर आहे, त्या बाजूच्या खिडकीजवळ पण खालच्या मजल्यावर स्कॅनर ठेवा. बाकीच्या टॉवरांना मग अख्खं घर ओलांडून यावं लागतं. तळघरात स्कॅनर उत्तम चालतो आणि गच्चीवर चालत नाही, असं कुणी सांगितलं तर हसू नका. त्याचं कारण हेच.

टॉवर कुठे आहेत हे शोधायला फार कष्ट नाहीत. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या परवान्यांच्या नोंदीत प्रत्येक प्रसारण-ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असतात, आणि रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावर यंत्रणेच्या साइट, फ्रिक्वेन्सी आणि टॉकग्रुप सापडतात. नकाशावर घर आणि टॉवर मांडून रेघा ओढा. दोन टॉवर जवळपास सारख्याच अंतरावर असतील तर प्रती जवळजवळ एकत्रच पोहोचतात, त्यामुळे ते दोघे मिळून कमी त्रास देतात. खरा उपद्रव बहुधा लांबच्या पण उंचावरच्या टॉवरचा असतो. डोंगरावरून येणारी त्याची प्रत उशिराही पोहोचते आणि जोरातही.

दुसरा उपाय, अँटेना लहान करणं. स्कॅनरबरोबर आलेला रबरी अँटेना काढून नुसता ८-९ सेंटिमीटरचा तुकडा लावा. ८६० मेगाहर्ट्झला ती पाव तरंगलांबी. अँटेना-जोडणीत सरळ केलेली पेपरक्लिप खोचून भागवणारेही आहेत. दिसायला ओंगळ, पण चाचणीपुरतं चालतं. फक्त क्लिप बाहेरच्या धातूच्या कड्याला टेकू देऊ नका आणि ती कायमची ठेवू नका, जोडणीची आतली पकड सैल होते.

तिसरा, ॲटेन्युएटर, म्हणजे आत येणारा सिग्नल मुद्दाम कमी करणारी सोय. याबद्दल गैरसमज बराच आहे. ॲटेन्युएटर सगळ्या प्रती सारख्याच प्रमाणात कमी करतो, म्हणजे त्यांच्यातला फरक होता तेवढाच राहतो. तरी तो कधी कधी चमत्कार करतो, त्याची कारणं दोन. जवळच्या टॉवरच्या किंवा शेजारच्या मोबाइल टॉवरच्या जोराने स्कॅनरचा पुढचा भाग गुदमरत असेल तर तो मोकळा होतो. आणि अशक्त प्रत रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली बुडते, तर जोरदार प्रत वर शिल्लक राहते. दोन्ही प्रती तुल्यबळ असतील तर यातलं काहीच होत नाही. म्हणून स्कॅनरमधला ॲटेन्युएटर एकदा चालू करून बघा, फरक पडला तर ठीक, नाही तर सोडून द्या. त्यावर आठवडा घालवू नका.

चौथा उपाय यागी, म्हणजे एका दिशेने रोखता येणारा दांड्यांचा अँटेना. फरक खरोखर वाढवणारं साधन हेच. ८०० मेगाहर्ट्झची यागी छोटीशी असते, खोलीतही मावते. तिचे आडवे दांडे उभे राहतील अशी ती धरायची, कारण ही प्रसारणं उभ्या ध्रुवणाची असतात. आडवी लावली की सिग्नल विनाकारण पडतो. मग लोक ती जवळच्या टॉवरकडे रोखतात आणि थांबतात. थांबू नका. यागीची पुढची नजर रुंद असते, पाठीमागचे आणि बाजूचे आंधळे कोन मात्र बरेच अरुंद आणि खोल. जवळचा टॉवर तसाही जोरात येतोय, तो थोडा बाजूला गेला तरी बिघडत नाही. उपद्रवी टॉवर त्या आंधळ्या कोनात कसा येईल ते बघा. म्हणजे यागी कंट्रोल चॅनेलच्या चुकांचा आकडा बघत कणाकणाने फिरवायची आणि आकडा जिथे सर्वात कमी होईल तिथे घट्ट करायची. ती दिशा नकाशावरच्या कुठल्याच टॉवरची नसेल, तरी चालेल.

यागी नसेल तर धातूचा आडोसाही उपयोगी पडतो. स्कॅनरच्या एका बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा ओव्हनचा ट्रे उभा करून तो फिरवून पाहा. घरातले टीका करतील. करू द्या.

सेटिंगमध्ये काय आहे

जुन्या युनिडेन स्कॅनरांत पी२५ थ्रेशोल्ड नावाचं सेटिंग असतं. ते ऑटोवर ठेवून समाधान नसेल तर मॅन्युअल करून आकडा एकेकाने हलवत डिकोड बघायचं. सुधारणा होते, पण थोडी. सायमलकास्टचा मूळ दोष रिसीव्हरच्या रचनेत आहे, तो मेनूतून जात नाही. बीसीडी४३६एचपी आणि बीसीडी५३६एचपी उत्तम स्कॅनर आहेत, अनेक यंत्रणांवर अजूनही मजेत चालतात, पण अवघड सायमलकास्टपुढे सेटिंग बदलून बदलून त्यांच्याकडून फार काही निघत नाही. व्हिस्लरच्या टीआरएक्स-१ आणि टीआरएक्स-२ बद्दलही माझं मत तेच.

युनिडेनचेच एसडीएस१०० (२०१८) आणि एसडीएस२०० (२०१९) हे मात्र याच त्रासासाठी आले. ते लहरीची उंची आणि कला दोन्ही वाचतात, त्यामुळे त्यांना सायमलकास्ट बऱ्यापैकी झेपतं. त्यांचा कच्चा दुवा वेगळा आहे: शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचे जोरदार सिग्नल त्यांना लवकर त्रास देतात. म्हणून त्यांत फिल्टरचे पर्याय दिलेत: नॉर्मल, इन्व्हर्ट, ऑटो, त्यांचे वाइड प्रकार आणि ऑफ. एसडीएस घेऊनही आवाज तुटत असेल तर साइटवर होल्ड करून हे फिल्टर एकेक लावा आणि प्रत्येकावर थोडा वेळ डिकोड बघा. एका साइटला इन्व्हर्ट लागतो, शेजारच्या साइटला वाइड नॉर्मल. सगळ्यांना मिळून एकच फिल्टर लावणाऱ्यांची तक्रार कधी संपत नाही. आयएफएक्स (रिसीव्हरच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी बदलणारं) हे सेटिंगही फ्रिक्वेन्सीनिहाय बदलून बघता येतं.

युनिकेशनचे जी४ आणि जी५ हे खरं तर अग्निशमन दलांसाठीचे पेजर. सायमलकास्टवर त्यांचा आवाज छान येतो, पण त्यांचं प्रोग्रॅमिंग स्कॅनरच्या सवयीने जमत नाही आणि शंभर यंत्रणा फिरवत बसण्यासाठी ते बनवलेलेच नाहीत. एकाच काउंटीची एकच यंत्रणा ऐकायची असेल तर मात्र मी आधी त्यांचा विचार करेन.

डोंगलवाल्यांसाठी

संगणक असेल तर सर्वात स्वस्त उपाय आरटीएल-एसडीआर. आरटीएल२८३२यू चिपचा टीव्ही डोंगल रेडिओ म्हणून वापरता येतो हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आलं आणि तेव्हापासून या छंदाचा खर्चच बदलला. डोंगल उंची आणि कला दोन्ही संगणकाला देतो, म्हणजे हार्डवेअरची बाजू सायमलकास्टला अनुकूल आहे. बाकी काम सॉफ्टवेअरचं.

आणि तिथेच गाडी अडते. एसडीआरट्रंक या प्रोग्रॅममध्ये पी२५ फेज एकच्या चॅनेलला मॉड्युलेशन निवडावं लागतं: नॉर्मल म्हणजे सी४एफएम, किंवा सिम्युलकास्ट म्हणजे एलएसएम (वर सांगितलेलं रेषीय मॉड्युलेशन). सायमलकास्ट साइटला नॉर्मल ठेवलं तर महागड्या स्कॅनरसारखाच तुटका आवाज येतो. ओपी२५ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही त्यासाठी डिमॉड्युलेटर सीक्यूपीएसके निवडायचा.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते. डोंगलमधल्या आर८२०टी ट्यूनरचा गेन ४९.६ डेसिबलपर्यंत जातो आणि नवखे लोक तो तिथेच नेऊन ठेवतात. हा डोंगल फक्त ८ बिटांचा आहे, जोरदार सिग्नलपुढे लगेच भरून जातो आणि मग जिथे काहीच नाही तिथे भुतासारखे सिग्नल दिसू लागतात. गेन मध्यावरून सुरू करा आणि गोंगाटाच्या वर सिग्नल सर्वात जास्त उठून कुठे दिसतो ते बघत जा. सिग्नल किती उंच आहे ते बघू नका, गोंगाटापासून किती वर आहे ते बघा.

तिसरी फ्रिक्वेन्सीची सरक. साध्या डोंगलचं स्फटिक ५० पीपीएमने (दशलक्षात ५० भागांनी) चुकत असेल तर ८६० मेगाहर्ट्झवर ती चूक ४३ किलोहर्ट्झ होते, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झची तीन चॅनेल ओलांडून पलीकडे. शिवाय डोंगल तापतो तशी ती चूक बदलते. आज सकाळी छान चालणारा डोंगल अर्ध्या तासाने बिघडतो तो यामुळे. टीसीएक्सओ (तापमानाने न सरकणारं स्फटिक) असलेला डोंगल घ्या, आणि तापू द्या, मग पीपीएम लावा. १ पीपीएमची चूक ८६० हर्ट्झच, ती सॉफ्टवेअर स्वतः सांभाळतं.

व्हीएचएफवर असेल तर

त्रास ८०० ऐवजी १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, साध्या ॲनालॉग चॅनेलवर होत असेल तर सायमलकास्टच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी बघा. जवळच्या एफएम केंद्राचा जोर आत घुसत असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा नॉच फिल्टर तो त्रास एका झटक्यात घालवतो. आणि आवाज स्वच्छ पण फार हळू येत असेल तर मॉड्युलेशन एफएम ऐवजी एनएफएम (अरुंद एफएम) करा. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पासून १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झमधल्या यंत्रणांना अरुंद, १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर यावं लागलं. जुनं प्रोग्रॅमिंग तसंच असेल तर आवाज दबका येणारच.

कायद्याचं

अमेरिकेत एन्क्रिप्ट न केलेलं पोलीस-अग्निशमनचं बोलणं घरी बसून ऐकता येतं, पण मोबाइल फोनवरचं संभाषण ऐकणं १९८६ च्या कायद्याने बंद केलं आणि १९९४ पासून ८०० मेगाहर्ट्झचे मोबाइलचे पट्टे पकडणारे स्कॅनर बनवता किंवा आयात करता येत नाहीत. गाडीत स्कॅनर ठेवण्यावर न्यूयॉर्क, फ्लोरिडासारख्या राज्यांचे वेगळे निर्बंध आहेत. ब्रिटनमध्ये तुमच्यासाठी नसलेलं प्रसारण ऐकणं २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तिथल्या पोलिसांची टेट्रा ही डिजिटल रेडिओ-यंत्रणा एन्क्रिप्टेडच आहे. भारतात १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगायलाच बंदी घातली, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीशिवाय रेडिओ उपकरण बाळगण्याला दंड आहे. म्हणजे वरचे उपाय भारतात पोलिसांच्या चॅनेलवर करून बघायचे नाहीत. एन्क्रिप्शन फोडण्याबद्दल मी कुठेच काही सांगत नाही, कुणी विचारू नये.

एकदा गेलेलं दुखणं परत का येतं

जागा सापडली, यागी घट्ट केली, महिनोन्महिने सगळं झकास, आणि एका सकाळी पुन्हा रोबोट. अशा वेळी सगळं उपसायला लागू नका. आधी साइटची नोंद बघा. नवा टॉवर जोडला गेला असेल, किंवा कंट्रोल चॅनेलची फ्रिक्वेन्सी बदलली असेल. २००५ पासून सुरू झालेल्या ८०० मेगाहर्ट्झच्या फेररचनेत कित्येक यंत्रणांच्या फ्रिक्वेन्सी हलल्या, आणि त्या काळातलं प्रोग्रॅमिंग अजून वापरणारे लोक आहेत. नोंद बदललेली नसेल तर आजूबाजूला बघा: स्कॅनरशेजारी नवा राउटर, सरकवलेलं लोखंडी कपाट, खिडकीला लावलेली धातूची जाळी. झाडांना पालवी फुटली की ८०० चा सिग्नल दबतो, पानं गळली की लांबचा टॉवर पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून उन्हाळ्यात सापडलेली जागा हिवाळ्यात फसवू शकते. आणि एखाद्या रात्री हवा स्थिर आणि उष्ण थराखाली गार थर अडकलेला असेल तर शेकडो किलोमीटरवरची यंत्रणा तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन बसते. पडद्यावर अनोळखी सिस्टिम आयडी दिसला तर समजा ते आहे, काही तासांत आपोआप जातं, कशालाच हात लावू नका.

यातलं काहीच नसेल तर कंट्रोल चॅनेलवर होल्ड, चुकांचा पडदा उघडा, आणि यागी पुन्हा कणाकणाने.